रीइश्यू काढणाऱ्या लेबलांना खुलं पत्र: टेप कुठून आणली ते कव्हरवर छापा

नमस्कार,

जुन्या सोल, फंक आणि जॅझच्या रेकॉर्ड्स परत छापणाऱ्या, म्हणजे रीइश्यू काढणाऱ्या, सगळ्यांना हे पत्र आहे. दोन माणसं मिळून चालवतात अशा छोट्या लेबलांना, आणि ज्यांच्या गोदामात हजारो मास्टर टेप्स, म्हणजे मूळ अंतिम रेकॉर्डिंगच्या टेप्स, पडून आहेत त्या मोठ्या कंपन्यांनाही. मी तुमच्या रेकॉर्ड्स विकत घेतो, ऐकतो, लाइनर नोट्स (रेकॉर्डसोबतचा माहितीचा मजकूर) शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, डेड वॅक्समध्ये, म्हणजे रेकॉर्डच्या मध्याजवळच्या गाणं नसलेल्या पट्ट्यात, कोरलेले नंबर दिव्याखाली धरून बघतो, आणि माझ्यासारखे खूप जण आहेत. आमची मागणी एकच आहे. रीइश्यूच्या मागच्या कव्हरवर सरळ शब्दांत छापा की हा आवाज कशावरून घेतलाय आणि तो छापायची परवानगी कोणी दिलीय. दोन ओळींचं काम आहे.

आत्ता काय होतं सांगतो. श्रिंकरॅपवर स्टिकर असतो, त्यावर रीमास्टर्ड लिहिलेलं असतं, १८० ग्रॅम असं रेकॉर्डचं वजन लिहिलेलं असतं, फार तर ओरिजिनल सोर्सेसवरून असं काहीतरी मोघम असतं. आता ओरिजिनल सोर्स म्हणजे नक्की काय? पहिली स्टिरिओ मास्टर टेप की तिची सेफ्टी कॉपी (जपून ठेवायला काढलेली प्रत), की परदेशात छापायला पाठवलेली तिसऱ्या पिढीची कॉपी, की नव्वदच्या दशकातल्या सीडीची फाइल, की कुणा कलेक्टरकडच्या चांगल्या प्रतीवरून केलेला नीडल ड्रॉप, म्हणजे रेकॉर्ड वाजवून उतरवलेला आवाज? हे सगळं त्या दोन शब्दांत बसतं, आणि ऐकणाऱ्याला घरी येऊन सुई टेकवल्यावर कळतं, म्हणजे कळलं तर.

मला नीडल ड्रॉपबद्दल अजिबात तक्रार नाही हे आधीच सांगतो, कारण या विषयावर बोललं की लोकांना वाटतं आम्ही मास्टर टेपचे सोवळेवाले आहोत. टेक्सास, ओहायो, मिशिगनमधल्या छोट्या छोट्या लेबलांनी साठ-सत्तरच्या दशकात जी सेव्हन इंच सिंगल्स (एकेका गाण्यासाठीच्या छोट्या रेकॉर्ड्स) काढली ती कित्येकदा पाचशे-हजार प्रतींच्या पलीकडे गेलीच नाहीत, बँड स्वतःच प्रोग्रॅमनंतर विकायचे, उरलेल्या खोक्यात राहिल्या. स्टुडिओ बंद पडले, टेप महाग म्हणून त्याच रिळावर पुढच्याचं रेकॉर्डिंग झालं, मालक वारल्यावर सामान कचऱ्यात गेलं. अशा गाण्याची रेकॉर्ड हाच एकमेव पुरावा उरलेला असतो. तिच्यावरून नीट सुई निवडून, नीट साफ करून, कमीत कमी नॉइज रिडक्शन लावून कुणी आवाज उतरवला तर ते फार मोठं काम आहे. त्यातून बरीच अमेरिकन सिंगल्स व्हायनिलची नव्हतीच, स्टायरीन नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची होती, आणि स्टायरीनवर एकदा जड सुई फिरली की खोबण्या झिजून आवाज फाटतो तो कायमचा, तेव्हा चांगली प्रत शोधायलाच वर्षं जातात. मग लिहा ना अभिमानानं! टेप सापडली नाही, उपलब्ध प्रतींपैकी सगळ्यात चांगल्या प्रतीवरून घेतलंय. ते वाचून घेणारा घेईल, आणि मधे कुठे कडकड आली तरी तुम्हाला शिव्या घालणार नाही.

न सांगितल्यानं काय होतं ते २०२२ च्या जुलैमध्ये दिसलं की. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन रीइश्यू लेबलच्या रेकॉर्ड्स वर्षानुवर्षं मास्टर टेपपासून बनलेल्या म्हणून विकल्या जात होत्या, लोकांना वाटायचं टेपपासून खोबण्या कोरणाऱ्या कटिंग मशीनपर्यंत सगळं अॅनालॉग आहे, आणि मग बाहेर आलं की २०११ पासून त्यातल्या बऱ्याच रेकॉर्ड्समध्ये मधे डीएसडी या डिजिटल फॉर्मॅटची एक पायरी होती. शंका येण्याचं एक कारण असं की एका खूप गाजलेल्या अल्बमच्या ४०,००० प्रती त्यांनी जाहीर केल्या होत्या, त्या ज्या पद्धतीनं काढणार होते तिच्यात एका लॅकरमधून (खोबण्या कोरलेल्या मूळ तबकडीतून) मोजक्याच प्रती निघतात, म्हणजे पुन्हा पुन्हा नवीन लॅकर कापायचं, म्हणजे तेवढ्या वेळा ती जुनी टेप मशीनवर फिरवायची, हे कोण करू देईल? प्रकरण कोर्टात गेलं, अडीच कोटी डॉलरची सेटलमेंट झाली. आणि गंमतीची नाही, खरं तर दुःखाची गोष्ट ही की त्या रेकॉर्ड्स वाजायला उत्तम आहेत, डिजिटलचे कट्टर विरोधकसुद्धा त्यांचं कौतुक करत होते. कोणाची तक्रार आवाजाबद्दल नव्हती, लपवल्याबद्दल होती. त्यानंतर त्यांनी कोणती रेकॉर्ड कशावरून केलीय याची माहिती द्यायला सुरुवात केली. म्हणजे देता येत होती, आधीपासूनच देता येत होती.

दुसरीकडे ब्लू नोट या जॅझ लेबलची टोन पोएट ही रीइश्यू सिरीज बघा, २०१९ पासून चालू आहे. जो हार्ली निवड बघतो, केव्हिन ग्रे मास्टरिंग (छापण्याआधी आवाज नीट बसवणं) आणि कटिंग करतो, प्रेसिंग कॅलिफोर्नियातल्या आरटीआय कारखान्यात, सगळं अॅनालॉग, सगळं जाहीर. त्यामुळे ज्याला ऐकून पटत नाही तो निदान कोणत्या निर्णयावर नाराज आहे हे सांगू तरी शकतो. मान्य आहे, त्यांच्यामागे मोठी कंपनी आहे आणि टेप्स त्यांच्याच घरातल्या आहेत, पण नावं छापायला मोठी कंपनी लागत नाही.

आता खरा मुद्दा. टेप कुठून आली हा प्रश्न मी आवाजासाठी विचारतो असं तुम्हाला वाटत असेल, पण मला त्याच्याहून जास्त काळजी पैशाची आहे. कारण या दोन्ही प्रश्नांचं उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतं. ज्यानं तुम्हाला टेप दिली त्यानं परवानगी दिली, परवानगी दिली म्हणजे त्याचं नाव करारावर आहे, करारावर आहे म्हणजे त्याच्या घरी चेक जातो. आणि टेप जर कुणी दिलीच नसेल, आवाज कुठल्यातरी सीडीवरून उचलला असेल, तर बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला कोणीच नसतं. म्हणून स्रोत लपवणारं लेबल दिसलं की मला आधी ती गाणारी माणसं आठवतात.

नुमेरो ग्रुपचं उदाहरण देतो. शिकागोचं लेबल, २००३ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी कोलंबस, ओहायोमधल्या कॅपसोल या विसरल्या गेलेल्या लेबलवर त्यांनी अख्खं कम्पिलेशन (निवडक गाण्यांचा संग्रह) काढलं. त्याच शहरातल्या आणखी एका लेबलच्या कम्पिलेशनवर २००७ मध्ये त्यांनी पेनी अँड द क्वार्टर्स नावाच्या ग्रुपचा एक डेमो (कच्चं रेकॉर्डिंग) घेतला. ही टेप एका मयत माणसाच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं त्यात सापडलेली, ग्रुपचं नाव होतं, पण हे लोक कोण, कुठे असतात, जिवंत आहेत का, काही पत्ता नाही. २०१० च्या एका हॉलिवूड सिनेमात तो डेमो वाजला आणि जगभर लोक ते गाणं शोधायला लागले, तरी गाणारी बाई कोण हे कोणालाच माहीत नाही. लेबलनं उघडपणे सांगितलं होतं की आम्ही या लोकांना शोधतोय, पेपरात बातम्या आल्या, आणि शेवटी ती सापडली. चाळीसेक वर्षांपूर्वी भावांबरोबर गायलेलं एक गाणं. आता तुम्हीच सांगा, टेप कुठून आली आणि गाणारे सापडलेले नाहीत हे जर त्यांनी लपवलं असतं तर शोध सुरू तरी झाला असता का?

ह्यूस्टनच्या कॅशमीर हायस्कूलच्या स्टेज बँडचंही तसंच. शाळेतली पोरं, पण असं फंक वाजवायची की मोठमोठ्या बँडना घाम फुटेल, आणि ते घडवणारे शिक्षक कॉनरॅड जॉन्सन. शाळेनंच काढलेल्या रेकॉर्ड्स कलेक्टर लोकांत फिरत होत्या, किमती वाढत होत्या, त्यातला एक पैसाही वाजवणाऱ्यांकडे जायचा प्रश्न नव्हता. २००६ मध्ये नाऊ-अगेन लेबलनं दोन डिस्कचा नीट संग्रह काढला, जुनी रेकॉर्डिंग्ज, फोटो, गोष्टी सगळ्यासकट. २००८ च्या फेब्रुवारीत जुने विद्यार्थी पुन्हा एकत्र जमून आपल्या सरांसाठी वाजले, सर तेव्हा ९२ वर्षांचे होते, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ते गेले. त्यांना ते ऐकायला मिळालं. रीइश्यू वेळेत निघण्याचा अर्थ हा असतो. ज्यांनी १९६८ ला विशीत गायलं ते आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पुढच्या वर्षी करू असं म्हणत फाइल बाजूला ठेवण्याइतका वेळ त्यांच्याकडे नाहीये.

कायद्याचं बोलायचं तर ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीच्या रेकॉर्डिंगना केंद्रीय कॉपीराइट नव्हताच, प्रत्येक राज्याचं वेगळं चालायचं, २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अॅक्टनं ते एका छत्राखाली आलं आणि १९५७ पासूनची ही सगळी रेकॉर्डिंग्ज आता २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. म्हणजे सोलचा सगळा सोनेरी काळ. युरोपात उलटं, तिथे २०१३ मध्ये मुदत ५० ची ७० वर्षं केली पण १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली रेकॉर्डिंग्ज तोवर मोकळी झालेली होती ती मोकळीच राहिली. त्यामुळे पन्नासच्या दशकातला कुठलाही जॅझ अल्बम युरोपात कोणालाही न विचारता छापता येतो, रचनाकाराचे पैसे द्यावे लागतात पण वाजवणाऱ्यांना काही द्यायचं बंधन नाही. आणि मग सीडीवरून उचललेल्या आवाजाच्या, कव्हरचा फोटो स्कॅन केलेल्या, जाड व्हायनिलवरच्या स्वस्त प्रतींनी दुकानांचे रॅक भरतात. हे बेकायदेशीर नाहीये, मान्य. पण छापून टाका की हे पब्लिक डोमेनमधून घेतलंय, मास्टर टेप आमच्याकडे नाही, वादकांच्या घरच्यांशी आमचा काही करार नाही. कायद्यानं चालतंय ना, मग लिहायला काय हरकत आहे? ज्याला चालतं तो घेईल. मी घेणार नाही, पण तो माझा निर्णय मला माहितीवर घेता येईल.

बूटलेगबद्दल, म्हणजे बिनपरवाना छापलेल्या रेकॉर्ड्सबद्दल, एवढंच म्हणतो की त्यात पैसे तर जातातच, नावही जातं. नॉर्दर्न सोलच्या काळात, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांत दुर्मिळ अमेरिकन सोलवर नाचायची लाट होती तेव्हा, डीजे एकमेकांना कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून खोटी नावं सांगायचे. फ्रँक विल्सनचं १९६५ चं सिंगल, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्याच सोल या लेबलवरचं, बाजारात यायच्या आधीच मागे घेतलं गेलं आणि प्रती नष्ट केल्या, मोजक्याच उरल्या. इंग्लंडमध्ये ते गाणं बूटलेगवर एडी फॉस्टर या नावानं विकलं जात होतं. लोक नाचत होते विल्सनच्या आवाजावर आणि नाव घेत होते भलत्याच माणसाचं. १९७९ मध्ये टॅमला मोटाउननं इंग्लंडमध्ये ते खऱ्या नावानं अधिकृत काढलं. पुढे २००९ मध्ये मूळ प्रत २५,७४२ पौंडांना गेली आणि लिलावाच्या त्या पैशातलं गायकाला काहीच मिळत नाही, कुठल्याच गायकाला मिळत नाही, सेकंडहँड बाजार तसाच असतो. त्याला पैसे मिळायची वाट एकच, अधिकृत रीइश्यू. म्हणून तुमचं काम मला एवढं महत्त्वाचं वाटतं.

वादकांच्या नावांचंही याच्यातच येतं. मोटाउनच्या स्टुडिओतल्या ज्या मंडळींनी डझनावारी हिट गाण्यांना ठेका दिला त्यांची नावं कव्हरवर पहिल्यांदा आली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या अल्बमवर. त्याआधीची सगळी वर्षं बिननावाची. आज तुमच्याकडे सेशन शीट्स (रेकॉर्डिंगच्या दिवशीच्या नोंदी) आहेत, युनियनचे कागद आहेत, हयात माणसं आहेत विचारायला. ड्रमवर कोण, बेसवर कोण, शोधा आणि छापा. मेम्फिसच्या स्टॅक्स या सोल लेबलच्या गीतकारांच्या डेमोंचा ७ सीडींचा संच २०२३ मध्ये निघाला, त्याच्या नोट्स लिहिणाऱ्यांत डीनी पार्कर होती, जिनं स्वतः त्या काळात स्टॅक्समध्ये काम केलेलं आणि गाणीही लिहिलेली. वर्षानुवर्षं टेप्स चाळून काढलेल्या त्या संचाला पुढच्या वर्षी नोट्ससाठीसुद्धा ग्रॅमी मिळालं, हे काही उगाच नाही.

रंगीत व्हायनिलबद्दल फार लिहीत नाही. काढा, लोकांना आवडतं. फक्त पाच रंगांत प्रत्येकी थोड्या थोड्या प्रती काढून तासाभरात संपवण्यापेक्षा साधी काळी रेकॉर्ड छापत राहा, म्हणजे दुर्मिळ रेकॉर्डची दुर्मिळ रीइश्यू असा प्रकार होणार नाही.

आता मोठ्या कंपन्यांना वेगळं थोडं. तुमच्याकडे ज्या टेप्स आहेत त्यातल्या कित्येक तुम्ही रेकॉर्ड केलेल्याच नाहीत, त्या छोट्या कंपन्या विकत घेत घेत तुमच्याकडे आल्यात. स्टॅक्सलाच बघा, करारातलं एक कलम न वाचता सही झाली आणि १९६८ मध्ये कळलं की वितरण करणाऱ्या अटलांटिक कंपनीकडेच तोपर्यंतच्या सगळ्या मास्टर्सची मालकी आहे. कागदावर तुम्ही मालक आहात हे ठीक. पण मालकी म्हणजे सांभाळणंही आलं. १ जून २००८ ला युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, त्यात युनिव्हर्सलच्या म्युझिक कंपनीच्या टेप्स होत्या हे लोकांना खऱ्या अर्थानं कळलं ११ वर्षांनी, २०१९ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लेख आला तेव्हा. नुकसान किती यावर वाद झाला, कंपनी म्हणते सांगितलं जातंय तेवढं नाही. पण ज्यांचं गाणं त्या टेपवर होतं त्यांना त्या ११ वर्षांत कोणी फोन करून सांगायला नको होतं का? आणि आग सोडा, सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच टेप्सचा बाइंडर (चुंबकीय थर धरून ठेवणारा डिंक) हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, मशीनवर लावली की हेडवर त्याचा थर खरवडून निघतो, मग त्या कमी आचेवर तास न् तास भाजून घ्याव्या लागतात आणि त्यानंतर लवकरच काय ते उतरवून घ्यायचं. ही टेप कपाटात वाट बघत बसणारी वस्तू नाही. तुम्हाला स्वतःला ५०० प्रती काढणं परवडत नाही हे समजू शकतं, तुमच्या हिशोबात तो आकडाच दिसत नाही, मग ज्यांना परवडतं त्या छोट्या लेबलांना लायसन्स द्या, आणि पत्राला उत्तर द्यायला दोन वर्षं लावू नका, आणि आगाऊ रक्कम अशी मागू नका की ५०० प्रती विकून तिचं व्याजही निघणार नाही. तुमच्याकडे काय आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे याची यादी उघडी करा. निदान कलाकाराला किंवा त्याच्या घरच्यांना तरी विचारल्यावर सांगा.

कलाकारांच्याच हातात मालकी राहिली तर काय होतं हे स्ट्राटा-ईस्ट या जॅझ लेबलनं दाखवलंय. चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली काउएल या वादकांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्कला ते सुरू केलं तेव्हाच ठरवलं की मास्टर ज्याचं त्याच्याकडे. त्यामुळे त्यातली रेकॉर्ड परत काढायची तर त्या त्या माणसाशी बोलावंच लागतं, कंपनीच्या वकिलाशी बोलून भागत नाही. वेळ लागतो, हो. पण अशी रेकॉर्ड हातात घेताना मनात शंका नसते.

तर पुढच्या रीइश्यूपासून हे करा. मागच्या कव्हरवर, बारकोडच्या शेजारी, वाचता येईल अशा टायपात: दुसऱ्या पिढीच्या सेफ्टी टेपवरून, डिजिटल ट्रान्सफर अमुक साली, मास्टरिंग अमक्याचं, लायसन्स गायिकेच्या मुलांकडून. किंवा: मूळ ४५ (सेव्हन इंच सिंगल) वरून, लायसन्स निर्मात्याकडून, गायकाला वेगळी रॉयल्टी. जे असेल ते. आधी काढलेल्या रेकॉर्ड्सचं कव्हर बदलता येणार नाही, त्यांची माहिती वेबसाइटवर टाका. आणि जिथे खूप शोधूनही गाणारं माणूस सापडलं नाही तिथे तेही छापा, त्यांच्या वाट्याचे पैसे बाजूला ठेवलेत असं लिहा, खरंच ठेवा, आणि खाली एक पत्ता द्या, म्हणजे त्यांची मुलगी, नातू, जुना शेजारी, कोणाच्या तरी हातात ते कव्हर पडलं तर त्यांना कुठे लिहायचं ते कळेल.

तुमच्या रेकॉर्ड्स घेणारा,
एक ग्राहक